आबांचे बत्तीस दात

दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत माणूस आडवा झाला की त्याची नजर आधी वरच्या दिव्यावर जाते, तिथून दिपून हटते आणि समोरच्या भिंतीवर, जमिनीपासून साधारण सव्वादोन मीटरवर जाऊन टेकते. बाईंनी हे मोजलं होतं. वेगवेगळ्या उंचीच्या अकरा पेशंटांवर, त्यांना न सांगता. एकतीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेल्या बाईंना नवऱ्याच्या दवाखान्यात बसून दुसरं करण्यासारखं तरी काय होतं? त्यांनी अकरा आकड्यांची सरासरी काढली, भिंतीवर पेन्सिलीने फुली मारली, आणि सुताराने बरोबर त्या फुलीवर कॉम्प्युटरचा पडदा टांगला.

पडदा दोन हात बाजूला असता तर कुणी तो वाचला नसता, आणि पुढचं काहीच झालं नसतं. पण मोजमाप अचूक होतं, त्याला कोण काय करणार?

पडदा आणण्यामागे बाईंचा एक हेतू होता. डॉक्टर अडुसष्ट वर्षांचे झाले होते. तळमजल्यावर दवाखाना, वर घर, आणि दोन्हीच्या मधे सोळा पायऱ्या. त्या चढायला ते आता मधल्या वळणावर थांबत आणि थांबल्याचं कुणाला कळू नये म्हणून खिसे चाचपत. लेकही दातांचीच डॉक्टर होती, तासाभराच्या अंतरावर मोठ्या हॉस्पिटलात. दवाखाना तिच्याकडे सोपवायचा का, हा प्रश्न घरात तीन वर्षं पडून होता. डॉक्टरांना विचारलं की ते "बघू" म्हणायचे. हा शब्द ते इतक्या शांतपणे म्हणत की विचारणाऱ्यालाच आपण घाई केल्यासारखं वाटे.

लेकीचं म्हणणं सरळ होतं. "आई, मी मागून घेणार नाही. बाबांनी एकदा तोंडाने म्हणावं, मी दुसऱ्या दिवशी येते. नाहीतर आमच्याकडचे विभागप्रमुख वर्षभरात जाताहेत, त्यांची जागा मला देतायत. पाच वर्षं बांधून घेतील. आणि हो, आले तरी ती बुटांची खोकी मला नकोत."

खोकी म्हणजे पेशंटांची कार्डं. तीस वर्षांची, अकराशे चाळीस. प्रत्येक कार्डावर बत्तीस चौकोन आणि डॉक्टरांचं अक्षर. नवऱ्याचं तोंड उघडवणं आपल्या हातात नाही, पण खोकी आहेत, असा विचार करून बाईंनी कामाला हात घातला. खोकी गेली की एक अडचण तरी गेली. मग उरेल फक्त "बघू".

दवाखान्यासाठी घेतलेला प्रोग्रॅम परदेशी होता. त्यातले शब्द कुणाला कळत नसत, त्यामुळे कुणी घाबरतही नसे, पण प्रत्येक पेशंट पडद्याकडे बोट करून "हे काय लिहिलंय?" विचारी, आणि डॉक्टरांना हातातला आरसा बाजूला ठेवून अर्थ सांगावा लागे. दहा मिनिटांच्या कामाला पंचवीस मिनिटं लागायला लागली. तेव्हा बाईंना प्रोग्रॅममधलं एक पान सापडलं. डावीकडे मूळ शब्द, उजवीकडे रिकामी चौकट, आणि वर सूचना की इथे आपल्या भाषेतला शब्द लिहा. चारशे बारा चौकटी होत्या. बाईंनी त्या तीन दुपारांत भरल्या. 'जतन करा', 'मागे जा', 'पेशंट आला नाही'. आणि दाताच्या अवस्थेसाठी पाच शब्द: निरोगी, किडलेला, भरलेला, मेलेला, काढलेला. या पाच शब्दांत कुठल्याही माणसाचं तोंड बसत होतं. मग चार महिने खपून त्यांनी अकराशे चाळीस कार्डं याच शब्दांत उतरवली, आणि खोकी रद्दीत घातली.

डॉक्टरांनी पडद्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे." लेक पहिली आली तेव्हाही ते एवढंच म्हणाले होते. बाईंना तेवढं पुरलं.

आता पेशंट वाचू लागले.

पहिल्या समोरच्या घरातल्या काकू. त्या खुर्चीत ताडकन उठून बसल्या, आरसा अजून तोंडातच होता. "डॉक्टर, माझ्या तोंडात मेलेलं काय आहे?"

"काकू, त्या दाताची नस गेलेली आहे. दहा वर्षं झाली. दात उत्तम आहे."

"दहा वर्षं? आणि मला कळवायची पद्धत नाही?"

"मीच केलं होतं ते. तुम्ही खुर्चीतच होता."

काकूंचं डॉक्टरांकडून समाधान होण्यासारखं नव्हतं, म्हणून त्या बाहेर बाईंच्या टेबलाशी आल्या. "अहो बाई, माणूस इथे येतो तेव्हा अर्धमेला असतो. त्यात समोर मेलेला, किडलेला, काढलेला! दवाखाना आहे की पंचनामा? शिकल्यासवरल्या तुम्ही, जरा मायेचा शब्द नाही का सुचत?"

'शिकल्यासवरल्या' हे बाईंना लागलं. त्यांनी बराच विचार करून 'मेलेला' पुसलं आणि तिथे 'शांत' लिहिलं. मग काकूंच्या तक्त्यावर त्या दाताला नव्याने 'शांत' निवडून दाखवलं. काकू पडद्याकडे पाहून प्रसन्न झाल्या. "बघा! आता कसं बरं वाटतं."

दुसरे आले कोपऱ्यावरचे धान्यवाले. त्यांना दाढ दुखण्याचं काही वाटत नव्हतं, पण बाहेर त्यांची दोन गिऱ्हाइकं बसली होती आणि दार उघडं होतं. "बाई, माझ्या दुकानात 'कीड' हा शब्द नोकरांनासुद्धा उच्चारू देत नाही मी. आणि तुम्ही माझ्या नावापुढे हातभर अक्षरांत लिहिता, किडलेले चार! गावभर काय होईल माझं?"

"दातांबद्दल आहे ते."

"गावाला कुठे दिसतंय कशाबद्दल आहे ते!"

'किडलेला' गेलं, 'लक्ष द्यावे असा' आलं. त्या चार दातांकडे डॉक्टरांनी त्याच दिवशी लक्ष दिलं, आणि धान्यवाले नव्या शब्दांनिशी घरी गेले.

तिसरे डॉक्टरांच्या घराच्याही वरच्या मजल्यावरचे आबा. आबा कोर्टात रजिस्ट्रार होते. त्यांच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता, डॉक्टरांनी केलेली कवळी होती. कवळी घासून घ्यायला आले असताना त्यांनी पडद्यावर बत्तीस वेळा 'काढलेला' वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी लेखी अर्ज दिला. 'काढलेला' या शब्दाने अर्जदाराचे दात काही गैरवर्तनामुळे घालवले गेल्याचा समज होतो; सबब तो वगळून 'निकाली' असा शब्द वापरावा. बाईंनी अर्जावर सही करून पोच दिली, संध्याकाळी शब्द बदलला आणि तसं लेखी कळवलं. आबांना पुन्हा खुर्चीत बसण्याचं कारण नव्हतं, म्हणून त्यांचा तक्ता कुणी उघडून पाहिला नाही.

प्रत्येक बदल बाईंनी तारखेसकट वहीत टिपला होता. पाच महिन्यांत असे सात बदल झाले; त्यांत 'भरलेला'ही गेला. तक्रार करणाऱ्याचं दर वेळी समाधान झालं. न करणाऱ्यांचं काय झालं, ते पाहायला कुणी गेलं नाही. सरकारांचंही असंच होत असावं, असं बाईंना नंतर वाटलं.

सातव्या बदलानंतर तीन आठवड्यांनी आबा हातात फाइल घेऊन खाली आले. समोरच्या खुर्चीत बसले, फाइल उघडली, चष्मा बदलला.

"बाई, हा दस्तऐवज आपला?"

प्रोग्रॅम दर सहा महिन्यांनी पेशंटांना आपणहून पत्र पाठवत असे. बाईंनीच त्याचं भाषांतर केलं होतं, त्यामुळे मजकूर त्यांना पाठ होता. अभिनंदन! आपले बत्तीसपैकी बत्तीस दात निरोगी आहेत. ते असेच जपा.

आबांनी खिशातून रुमाल काढला, रुमालातून कवळी काढली आणि ती फाइलीशेजारी ठेवली. कवळीशिवाय त्यांचे शब्द जरा हवेतून येत, पण रजिस्ट्रारचा रुबाब शाबूत होता. "हे जपू, की तुम्ही म्हणता ते?"

"चूक झाली, आबा."

"चूक लेटरहेडवर होत नाही. लेटरहेडवर होतो तो निर्णय." आबा थांबले, आणि खालच्या आवाजात म्हणाले, "सूनबाईंनी पत्र वाचलंय. आता म्हणतात, दात आहेत तर तुमच्यासाठी वेगळं मऊ का शिजवायचं? काल रात्री मी नुसतं दूध पिऊन झोपलो."

बाईंनी आबांचा तक्ता उघडला. बत्तीस हिरवे चौकोन. निरोगी, निरोगी, निरोगी. त्यांनी शेजारच्या नावाचा तक्ता उघडला. हिरवा. त्याच्या पुढचा. हिरवा. शाळेच्या मुख्याध्यापकांच्या अकरा भरलेल्या दातांपैकी एकही भरलेला नव्हता. अकराशे चाळीस माणसांच्या तोंडातून तीस वर्षांचं दुखणं एका रात्रीत निघून गेलं होतं.

डॉक्टरांना यातलं काही माहीत नव्हतं. ते पडद्याकडे बघतच नसत. तोंडात बघत, काम करत, आणि पेशंट उठला की जाताना दिवा मालवावा तसं 'जतन करा' दाबत.

बाईंनी कंपनीला फोन लावला.

"नमस्कार. आपला प्रश्न भाषेचा आहे की माहितीचा?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"दातांचा."

"तो पर्याय नाही, मॅडम."

भाषा विभागाने तपासून सांगितलं की शब्द चारशे बारापैकी चारशे बारा, एकही गहाळ नाही. त्यांनी फोन माहिती विभागाकडे दिला. माहिती विभागातले गृहस्थ फार सौजन्यशील होते. "मॅडम, तुमच्या माहितीतलं एक अक्षरही हललेलं नाही."

"मग आबांना दात कुठून आले?"

"असं आहे, मॅडम. पडद्यावर जो शब्द दिसतो, तोच शब्द आम्ही साठवून ठेवतो. त्या काकांच्या नावावर 'काढलेला' साठवलेलं आहे, अजूनही आहे. पण तुमच्या यादीत आता 'काढलेला' असा शब्दच नाही. अनोळखी शब्द आला की प्रोग्रॅम अडून बसत नाही, यादीतला पहिला शब्द घेतो. आमच्याकडे याला सौजन्य व्यवस्था म्हणतात."

"यादीतला पहिला शब्द 'निरोगी' आहे."

"बघा ना. चांगलाच आहे."

"अहो, म्हणजे शब्द बदलला तर माणसाचा रोग बदलतो?"

"शब्दांचं काम भाषा विभाग बघतो, मॅडम, आणि साठवणीचं आम्ही. दोन्हीच्या मधे जे होतं त्याला सध्या विभाग नाही. आपण सुचवू शकता."

बाईंनी फोन ठेवला. त्यांना कंपनीचा राग आलाच होता, पण त्याहून जास्त स्वतःचा आला होता. एकतीस वर्षं त्यांनी वर्गात हजेरी घेतली होती ती नंबराने. मुलींची आडनावं बदलली, मुलांनी टोपणनावं घेतली, एकाने तर कोर्टातून नावच बदलून आणलं. पण सतरा नंबर सतरा नंबरच राहिला, आणि त्याचे गुण त्याच्याच नावावर गेले. नाव हाक मारायला असतं, नोंद नंबरावर ठेवायची असते. ही साधी गोष्ट या प्रोग्रॅमला कुणी शिकवली नव्हती, आणि बाईंनी ती विचारली नव्हती. प्रयोगशाळेत एखाद्या मुलीने असं केलं असतं तर तिला त्यांनी उभं केलं असतं.

"मॅडम, जुने शब्द परत टाका," असंही त्या गृहस्थांनी सुचवलं होतं. बाईंनी वही काढून सातही शब्द परत पूर्वीसारखे केले. आबांचे बत्तीस दात तत्काळ पडले. मग काकूंचा तक्ता उघडला तर काकूंचा शांत दात निरोगी झालेला. साहजिक होतं. नव्या शब्दांत ज्यांच्या नोंदी झाल्या, ते आता अनोळखी झाले होते. पाच महिन्यांचे पेशंट वाचवायचे की तीस वर्षांचे, एवढीच निवड उरली होती.

तीही उरली नव्हती. बाईंनी डॉक्टरांना विचारलं, "अहो, तुम्ही पेशंट झाला की दर वेळी 'जतन करा' दाबता का?"

"मग? नाही दाबलं तर तो प्रोग्रॅम विचारत बसतो, न जतन करता जाणार का म्हणून. बरं दिसत नाही."

म्हणजे पडद्याने चुकून दाखवलेलं 'निरोगी' डॉक्टर दर वेळी सभ्यपणे कायमचं करून ठेवत होते. खालचा जुना शब्द त्यासरशी पुसला जात होता. बाईंनी मोजलं. सहाशे बारा तोंडं अशी निघाली.

त्यांनी लेकीला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, हसू नको म्हणतेस, नाही हसत. पण माझ्या हाती हे आलं तर मी कुठला दात कुठल्या भरवशावर उघडू? मला येत्या शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. बाबा काही बोलले?"

"बघू म्हणाले."

"मग मी काय समजू?"

बाईंनी फोन ठेवला; त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती.

त्याच दिवशी नगरपालिकेच्या आरोग्य खात्याची दोन पत्रं आली, एका पाकिटातून, दोन टेबलांकडून. प्रोग्रॅमने वार्षिक अहवालही परस्पर पाठवून दिला होता. पहिल्या टेबलाने लिहिलं होतं की आपल्या दवाखान्याच्या परिसरात दंतरोगाचं प्रमाण शून्य आढळल्याबद्दल खात्यातर्फे हार्दिक अभिनंदन. दुसऱ्या टेबलाने लिहिलं होतं की परिसरात दंतरोगाचं प्रमाण शून्य असल्याने तिथे दवाखान्याची आवश्यकता दिसत नाही. सबब परवान्याचं नूतनीकरण स्थगित ठेवण्यात येत आहे.

पत्राची बातमी बाईंच्या आधी काकूंना कशी लागली, ते बाईंना कधीच कळलं नाही. "आता काय करायचं ठाऊक आहे का," काकू टेबलावर दोन्ही हात टेकून म्हणाल्या, "ते पहिलं पत्र चौकटीत लावा. दुसरं हरवलं म्हणा." धान्यवाल्यांचा सल्ला असा की अख्ख्या मोहल्ल्याने मिळून खात्यावर मोर्चा न्यावा, गाल बांधून. आबा म्हणाले, "अपील करा. मसुदा मी देतो," आणि दिलाही, अकरा पानांचा.

बाई सरळ आरोग्य खात्यात गेल्या. खिडकीमागच्या कारकुनाने दोन्ही पत्रं वाचली. "मग अडचण काय आहे? अभिनंदन आहे."

"आमच्याकडे रोग आहे. भरपूर आहे. अहवाल चुकलाय."

"पाठवलेला अहवाल मागे घेता येत नाही. पुढच्या वर्षी रोग वाढलेला दाखवा."

"शून्यावरून तीन हजार किडलेले दात दाखवू?"

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "तसं करू नका, बाई. मग साथ जाहीर करावी लागते. तो आमच्याकडे वेगळा कक्ष आहे आणि ते फार त्रास देतात." त्याने मागच्या कपाटातून एक फॉर्म शोधून काढला. "असं करा, प्रत्यक्ष फेरतपासणी. सगळी तोंडं नव्याने तपासायची, हाताने लिहायची, आणि खाली जबाबदार डॉक्टरांची सही. येत्या शुक्रवारी साहेब पाहणीला येतील. शुक्रवार चुकला तर परवाना बंद."

आठवड्यात अकराशे तोंडं. बाई घरी आल्या त्या डोक्याला हात लावूनच. पण दुपारी त्यांनी दोन कामं केली. आधी शब्दांच्या पानावर त्या पाच चौकटींत, 'निरोगी'पासून 'काढलेला'पर्यंत ओळीने, पाच आकडे लिहिले: एक, दोन, तीन, चार, पाच. मग एक पुठ्ठा घेऊन त्यावर आकड्यांपुढे शब्द लिहिले आणि तो खिळ्याला अडकवला. "काकू," त्यांनी सांगितलं, "शब्द बदलायचा असेल तर पुठ्ठ्यावर बदलायचा. रोज बदलला तरी चालेल. आकड्याला हात लावायचा नाही." काकूंनी लगेच चारच्या पुढचं 'मेलेला' खोडून 'शांत' केलं. पडद्यावर काही हललं नाही. बाईंना गेल्या कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा बरं वाटलं.

लेक चार दिवसांची रजा घेऊन आली. रांग दारापासून कोपऱ्यापर्यंत गेली. काकूंनी रांगेची व्यवस्था आपल्याकडे घेतली, आबांनी शपथपत्रावर लिहून दिलं की त्यांना एकही दात नाही, आणि धान्यवाल्यांनी दुकान बंद ठेवून दुसरा नंबर लावला, पहिला काकूंचा असल्यामुळे.

ठरलं होतं ते असं की डॉक्टर तोंड तपासून आकडे सांगतील, लेक लिहील आणि बाई प्रोग्रॅममध्ये उतरवतील. पहिला अर्धा तास तसं चाललंही. मग बाईंच्या लक्षात आलं की लेकीचं पेन डॉक्टरांच्या आवाजापेक्षा जरा मागे पडतंय. डॉक्टर म्हणत, "वर डावीकडे, सहावा दात, एक." लेक उठे, पेशंटचा गाल बोटाने किंचित बाजूला करी, बघे, आणि बसून 'तीन', म्हणजे भरलेला, लिही. तासाभरात असं सात वेळा झालं. बाईंनी मोजलं, न मोजणं त्यांना जमत नसे.

आठव्या वेळी खुर्चीत काकू होत्या. तपासून झालेल्या असूनही त्या 'पुन्हा एकदा खात्री' म्हणून आल्या होत्या. "अहो डॉक्टर," त्या म्हणाल्या, "तुम्ही निरोगी म्हणता आणि ही तीन लिहिते. मग तुमच्यापेक्षा तो पडदा काय वाईट होता?"

रांगेतले दोघे-तिघे हसले. डॉक्टरही हसले, पण त्यानंतर आरसा लेकीच्या हातात होता आणि पेन त्यांच्या. ही अदलाबदल कधी झाली, ते बाईंनाही दिसलं नाही. दुपारी सोळा पायऱ्या चढताना डॉक्टर वळणावर थांबले, पण त्यांनी खिसे चाचपले नाहीत.

"दिसत नाही का हो नीट?" बाईंनी विचारलं.

"मागच्या दाढा नाही दिसत," डॉक्टर म्हणाले. "वर्ष झालं. हाताला कळतं म्हणून निभावलं." थोड्या वेळाने म्हणाले, "तिला सांगू नकोस."

"तिनेच सात वेळा दुरुस्त केलंय."

यावर डॉक्टर 'बघू'सुद्धा म्हणाले नाहीत.

शुक्रवारी दुपारी अकराशे चाळिसावं तोंड उतरून झालं. ते तोंड घर बदलून गेलेल्या एका गृहस्थांचं होतं. त्यांना काकूंनी कुठूनसं शोधून आणलं होतं. चारला खात्याचे साहेब आले. काटेकोर माणूस दिसत होता; आल्या आल्या त्यांनी खिडक्या मोजल्या. बाईंना तो आवडला.

कागद चाळून साहेब म्हणाले, "ठीक आहे. आता नियमाप्रमाणे एक तोंड नमुना म्हणून माझ्यासमोर तपासा."

"कुणाचं?" बाईंनी विचारलं. "सगळी झाली. सगळे घरी गेले."

काकू होत्या, पण त्यांची तपासणी तीन वेळा झाली होती. आबांचा उपयोग नव्हता. साहेबांनी नियमांची पुस्तिका पाहिली. नमुना कुणाचा असावा हे तिच्यात लिहिलेलं नव्हतं. मग त्यांनी कोट काढला, खुर्चीत आडवे झाले, दिव्याकडे पाहून डोळे मिचकावले, आणि नजर पडद्यावर टेकवली.

डॉक्टर पुढे झाले. इतक्या वर्षांची सवय. खात्याच्या माणसासमोर आरसा त्यांच्याच हातात हवा, असं सगळ्यांनाच वाटलं असावं. त्यांनी सावकाश, एकेक दात पाहिला. "सगळे एक," ते म्हणाले. "उत्तम तोंड आहे, साहेब."

साहेबांचा चेहरा उजळला. बाईंनी लेकीकडे पाहिलं. लेकीने खाली पाहिलं. पेन हलत नव्हतं. काकू पुढे वाकल्या.

"काय गं?" डॉक्टर म्हणाले.

"काही नाही, बाबा."

"बघ ना तू."

लेक उठली. आरसा घेतला, साहेबांचा गाल बाजूला केला, खालच्या शेवटच्या दाढेशी थांबली. तिने वडिलांकडे पाहिलं, आणि जे दिसलं ते सांगितलं. "खाली उजवीकडे, आठवी दाढ. दोन आहे, बाबा. बरीच खोल गेलीय."

साहेबांनी आरशासकट मान हलवली. "दुखते कधीकधी," ते कसेबसे म्हणाले.

डॉक्टरांनी वाकून पुन्हा पाहिलं. दिवा जवळ ओढला, चष्मा वर केला, खाली केला. मग सरळ उभे राहिले आणि 'दोन' असं स्वतःच्या हाताने कागदावर लिहिलं.

साहेब उठून बसले, तोंड पुसलं आणि फॉर्म मांडीवर घेतला. "तपासणी मान्य. आता शेवटची ओळ. परवाना पाच वर्षांसाठी आहे. पाच वर्षं जबाबदार डॉक्टर म्हणून कुणाचं नाव घालू? आपलंच?"

लेकीने घड्याळाकडे पाहिलं. हॉस्पिटलचं ऑफिस पाचला बंद होत होतं, आणि तिथे उत्तर आजच द्यायचं होतं. काकूंनी बोलायला तोंड उघडलं, आणि आबांनी त्यांच्या कोपरावर हात ठेवून ते बंद करवलं.

डॉक्टरांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. "माझं नको," ते म्हणाले. "हिचं लिहा. आजपासून दवाखाना हिचा. मी थांबलो."